पोथीवांचून पेटी



पियानोच्या शोधार्थ कोणी परभणी जिल्ह्यांत निघाला, तर त्यास बहुधा रिकाम्या हातानें परतावें लागेल. शेंकडों तारा ताणून धरणारी ती अवजड काया, ती वेळोवेळीं सुरांत लावून देणारा कसबी कारागीर, आणि वैशाखाच्या कोरड्या उन्हांत तडकणारें लांकूड, हें सर्व पाहतां तें वाद्य गोदाकांठीं रुजलें नाहीं यांत नवल नाहीं. पण त्याच वाद्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मात्र या जिल्ह्यांत जागोजाग भेटतात. गंगाखेड, पाथरी, सेलू, मानवत, कोठेंही एकादशीच्या रात्रीं देवळांत डोकावावें. टाळ-मृदंगाच्या मेळांत मांडी घालून बसलेला एक जण डाव्या हातानें भाता हलवीत उजव्या हातानें पेटी वाजवीत असतो. एका सप्तकांत सात पांढऱ्या आणि पांच काळ्या, ही तिची मांडणी पियानोच्या मांडणीहून केसभरही निराळी नाहीं. निराळेपण इतकेंच, कीं या वादकापुढें कागद नसतो.

युरोपांत या पट्ट्या शिकावयाच्या म्हणजे पांच रेघांवरचें स्वरलेखन वाचावयास शिकणें, असें समीकरण दीर्घकाळ रूढ होऊन बसलें आहे. आपल्याकडे मात्र पट्ट्या आल्या आणि पोथी मागें राहिली. हें कसें घडलें, त्यांत काय साधलें, आणि त्यापायीं या पेटीस कोणता आरोप सोसावा लागला, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. कागद पाहून वाजविणें हा पाश्चात्यांचा सनातन धर्म, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. फ्लॉरेन्स येथें बार्टोलोमेओ क्रिस्टोफोरी या कारागिरानें १७०० च्या सुमारास पियानो घडविला; त्यानंतर शंभर-सव्वाशें वर्षें तरी उत्तम वादक म्हणजे ऐनवेळीं मनांतून संगीत निर्माण करणारा, अशीच तेथें ख्याति होती. १७४७ सालीं योहान सेबास्टियन बाख हा पॉट्सडॅम येथें फ्रेडरिक राजाच्या दरबारीं गेला, तेव्हां राजानें एक स्वरावली पुढें टाकली आणि बाखनें तिच्यावरून तेथल्या तेथें तीन पदरांची रचना वाजवून दाखविली. बीथोव्हेन प्रथम व्हिएन्नांत गाजला तो अशाच उत्स्फूर्त वादनानें. नेपल्स शहरांतील संगीतशाळा तर मुळांत अनाथ मुलांचे आश्रम होते. तेथें मुलांस केवळ खालच्या सुरांची एक ओळ देत, आणि वरचें सर्व संगीत मुलानें आपल्या बोटांनीं रचावयाचें असे. बीथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी यानें उत्स्फूर्त वादन कसें शिकावें यावर १८२९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे त्या काळापर्यंत ही विद्या जिवंत होती. पुढें छपाई स्वस्त झाली, मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत पियानो येऊन बसला, आणि छापील कागद विकण्याचा मोठा व्यापार उभा राहिला. मग हळूहळू वादक वाचक झाला. तेव्हां पट्ट्या आणि पोथी यांची गांठ जन्माची नव्हे. ती मागाहून पडलेली आहे.

आतां आपल्या पेटीकडे वळूं. पियानोंत हातोडी तारेवर आघात करते. पेटींत वाऱ्याच्या झोतानें पितळेची पातळ जीभ कंप पावते. मोकळ्या जिभेची ही कल्पना चीनमधील शेंग नांवाच्या प्राचीन वाद्यांत आढळते. तिचा उपयोग करून पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यानें १८४२ सालीं ‘हार्मोनियम’ या नांवाची सनद घेतली. मिशनरी, लष्करी अधिकारी व व्यापारी यांच्याबरोबर हें वाद्य हिंदुस्थानांत आलें, तें पायानें भाता चालविण्याच्या रूपांत. त्या पायपेटीपुढें खुर्चीवर बसावें लागे. आमचे गवई तर बैठकीवर बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ सालीं ‘द्वारकिन’ नांवाची पेढी काढली, आणि पुढील दशकांत भाता मागच्या बाजूस घेऊन जमिनीवर ठेवतां येईल अशी हातपेटी प्रचारांत आणली.

हा बदल दिसावयास लहान, परंतु परिणामीं मोठा होता. एक हात भात्याकडे गेला म्हणजे वाजविण्यास एकच हात उरला. पाश्चात्य संगीताचा प्राण असलेला स्वरमेळ, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळीं उठविण्याची रीत, त्यायोगें बहुतेक संपुष्टांत आला. उरली ती एक सुरेल ओळ, आणि आमच्या गाण्यास नेमकी तीच हवी होती. दोन हातांच्या चार-पांच पदरांसाठीं जो कागद लागतो, त्याची एका ओळीस गरजच काय? पोथी मागें पडण्याचें पहिलें कारण असें या वाद्याच्या घडणींतच आहे.

दुसरें कारण आपल्या स्वरपद्धतींत आहे. पाश्चात्य कागदावर अमुक चिन्ह म्हणजे अमुकच पट्टी, असा पक्का करार असतो. आमचा षड्ज मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणें हालतो. आज आलेल्या बुवांचा षड्ज एका जागीं, तर उद्यां येणाऱ्या बाईंचा त्याहून चार-पांच पट्ट्या वर. पेटीवाल्यास तीच चीज प्रत्येक वेळीं निराळ्या पट्ट्यांवरून काढावी लागते. अशा स्थितींत पट्टीचें नांव पाठ करून भागत नाहीं. षड्जापासून गांधार किती अंतरावर, गांधारापासून पंचम किती, हें नातेंच बोटांत मुरावें लागतें.

याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे. शिकलेला पियानोवादक ज्या स्वरास ‘सी शार्प’ म्हणतो, त्यास आमचा पेटीवाला ‘काळी एक’ म्हणतो. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पांच, हीं नांवें कोणत्याही ग्रंथांतून आलेलीं नाहींत. डोळ्यांनीं पट्ट्या मोजून तीं पडलेलीं आहेत. त्याहून मौजेची गोष्ट ‘पट्टी’ या शब्दाची आहे. बोटाखालची ती लांकडी फळी हीही पट्टी, आणि गवई ज्या षड्जावर गातो तोही त्याची पट्टी. “बुवांची पट्टी कोणती?” या प्रश्नांत वाद्य आणि गळा दोन्ही एकाच शब्दांत सामावले आहेत.

आतां हें वाद्य परभणीसारख्या भागांत कसें पोहोंचलें असेल तें पाहूं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. मनमाडहून जालना, परभणी, पूर्णा, नांदेड या मार्गानें सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. ज्या मालाची ने-आण पूर्वीं बैलांच्या पाठीवरून होई, तो आतां आगगाडीनें येऊं लागला. पेटी वजनानें हलकी, एका माणसास उचलतां येईल अशी. तारेप्रमाणें ती हवेनें चटकन् उतरत नाहीं. एकदां घडविली म्हणजे वर्षानुवर्षें टिकते. स्टेशनापासून गांवापर्यंत ती बैलगाडींतून नेतां येते, आणि गाडी न मिळाल्यास डोक्यावरूनही.

या भूमींत गाण्याची परंपरा पूर्वींपासून नांदती होती. गंगाखेड हें जनाबाईचें गांव. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून जी नरसी सांगितली जाते, ती १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होती. वारकरी कीर्तनाचीं जुनीं वाद्यें म्हणजे वीणा, टाळ आणि मृदंग. पेटी या मेळांत फार मागाहून आलेली पाहुणी. पाहुण्यानें यजमानाच्या रीतीस अनुसरून वागावयाचें असतें. म्हणून भजनांत शिरतांना पेटीनें आपली युरोपीय रीत गुंडाळून ठेवली आणि गळ्याच्या मागें चालणें पत्करलें.

भजनी मंडळांत पेटी शिकण्याचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नसतो, तरी तो सर्वत्र जवळजवळ सारखाच दिसतो. पोरगा आधीं टाळकरी असतो. वर्ष-दोन वर्षें टाळ धरून त्याच्या कानांत पंचवीस-तीस चाली बसलेल्या असतात. मग केव्हां तरी रिकामी पेटी हातीं येते. पहिला धडा भात्याचा. वारा एकसारखा राहिला पाहिजे, सूर हेलकावे खातां कामा नये. दुसरा धडा षड्ज धरून ठेवण्याचा. मंडळी गात असतां केवळ षड्ज-पंचम दाबून बसणें हेंही साथीचेंच काम असतें. तिसरा धडा ध्रुवपदाचा. जी ओळ पुनःपुन्हां येते ती बोटांनीं शोधावयाची. चुकीची पट्टी दाबली गेली कीं कानास ठेंच लागते, आणि बोट आपोआप शेजारच्या पट्टीवर सरकतें. येथें शिक्षक ओरडत नाहीं, सूरच ओरडतो. चौथा धडा अंतऱ्याचा, आणि पांचवा मोकळ्या जागांचा. गाणारा श्वास घेण्यास थांबतो, तेवढ्या क्षणांत त्यानें नुकतीच म्हटलेली ओळ पेटीनें थोडक्यांत परत बोलावयाची असते. ही जागा भरण्यास कोणतीही छापील आज्ञा नसते. जेवढें ऐकलें तेवढ्यांतूनच कांहीं रचावयाचें.

या शेवटच्या पायरीवर वादन हें अनुकरण राहत नाहीं, तें निर्मिति होतें. प्रमुख गाणारा आज अभंग कोणत्या चालींत उचलील, दुसऱ्या चरणावर आलाप घेईल कीं सरळ पुढें जाईल, हें त्यानें आधीं सांगितलेलें नसतें. पुष्कळ वेळां त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. साथीदारास अदमास बांधावा लागतो. तो बरोबर ठरला तर दोघांचा सूर एकजीव होतो; चुकला तर निमिषार्धांत बोट मागें घ्यावें लागतें. नेपल्सच्या अनाथ मुलास खालची एक ओळ दिलेली असे आणि बाकीचें त्यानें रचावयाचें. परभणीच्या पोरास गाणाऱ्याचा गळा दिलेला असतो आणि बाकीचें त्यानें. दोन्ही ठिकाणीं शिक्षणाचें तत्त्व एकच आहे.

याच मार्गानें महाराष्ट्रांत पेटीचे थोर वादक घडले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. कोल्हापूरच्या परिसरांत वाढलेल्या या गुणी पुरुषानें पेटी बहुतांशी स्वतःच्या कानाच्या बळावर साध्य केली. कोल्हापूरच्या देवल क्लबांत त्यांस थोरामोठ्यांचें गाणें ऐकावयास मिळालें. भास्करबुवा बखले यांस ते गुरु मानीत. पण बुवांपुढें बसून त्यांनीं रीतसर तालीम घेतली नाहीं. साथ करतां करतां ऐकणें हीच त्यांची तालीम. अल्लादियाखांसाहेबांची अवघड गायकीही त्यांनीं अशीच श्रवणानें आत्मसात केली. साथीच्या भूमिकेंतून बाहेर पडून पेटीस स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकास त्यांनीं चाली दिल्या, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास संगीत देऊन त्यांत नायकाची भूमिकाही केली. ज्याच्या बोटांस नव्या वाटा शोधण्याची संवय, त्यास नव्या चाली सुचणें कठीण नसतें.

बेळगांवास विठ्ठलराव कोरगांवकर आणि पुढें रामभाऊ विजापुरे, मुंबईस मधुकर पेडणेकर म्हणजेच पी. मधुकर, आणि त्यांचे शिष्य गोव्याकडील तुळशीदास बोरकर, अशी ही मालिका पुढें चालली. परभणीच्या अधिक जवळचें नांव आप्पा जळगांवकरांचें. त्यांचा जन्म १९२२ सालीं जालन्यास झाला. परभणीहून मनमाडकडे निघालेली गाडी याच जालन्यावरून जाते. आप्पांनीं प्रथम ध्रुपद-धमाराची गायकी शिकण्यास आरंभ केला. पेटी त्यांनीं बहुतेक स्वतःच्या श्रमानें मिळविली. गळ्याची तालीम आधीं आणि बोटांची मागाहून, हा क्रम येथें ध्यानांत धरण्याजोगा आहे. पुढें पुण्यास राहून त्यांनीं भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर यांसारख्या परस्परांहून अत्यंत भिन्न गायकांची साथ केली. एका गायकाचा ओघ, दुसऱ्याची उसळी, तिसऱ्याचा संथ विस्तार, यांपैकीं कोणतीही गोष्ट कागदावर लिहून मिळण्यासारखी नव्हती. त्यांस संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला; २००९ सालीं ते निवर्तले.

इतका गौरव झालेल्या या वाद्यावर आरोप मात्र मोठा कडक होता, आणि तो करणारीं माणसें सामान्य नव्हतीं. आरोप असा: पेटीचे सूर मुळांतच खोटे आहेत. हा आरोप नीट समजून घेतला पाहिजे. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटी त्यांचे बारा समान तुकडे करते. प्रत्येक पट्टी शंभर भागांच्या अंतरावर. नैसर्गिक शुद्ध गांधार मात्र षड्जापासून ३८६ भागांवर लागतो. पेटीचा गांधार ४०० वर, म्हणजे चौदा भाग चढा. कोमल गांधाराचें नैसर्गिक स्थान ३१६, पेटींत तो ३००, म्हणजे सोळा भाग उतरलेला. पंचमाचा फरक अवघ्या दोन भागांचा, म्हणून तो खुपत नाहीं. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानास गांधाराचा हा फरक जाणवतो, यांत शंका नाहीं. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड पेटींतून निघत नाहीं. पट्टी आणि पट्टी यांच्यामध्यें जागाच नाहीं.

हा दोष दूर करण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रांतच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशानें त्या विचारास उचलून धरलें आणि श्रुतींची निराळी पेटी विलायतेंत बनवून घेतली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत तिच्यावर चर्चा झाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांस तो मार्ग मान्य नव्हता. अखेर श्रुतींची पेटी मागें पडली आणि साधी बारा पट्ट्यांचीच लोकांच्या हातीं राहिली.

खरा प्रहार झाला तो रेडिओकडून. आनंद कुमारस्वामींसारख्या कलामीमांसकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच पेटीचा निषेध केला होता. १९३७ सालीं दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख म्हणून आलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीं पुढील वर्षीं ‘इंडियन लिसनर’ या पत्रांत, वाद्याच्या नांवावरच श्लेष करून, तिच्याविरुद्ध लेख लिहिला. १९४० च्या जानेवारींत रवींद्रनाथ ठाकूर यांनीं कलकत्ता केंद्रास पत्र पाठवून पेटीच्या साथीस आपला विरोध कळविला. त्यांच्या आश्रमांतून ती पूर्वींच हद्दपार झालेली होती. ब्रॉडकास्टिंगचे कंट्रोलर लायोनेल फील्डन यांच्या कारकीर्दींत, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. परकीय राज्य गेलें, स्वराज्य आलें, तरी ही बंदी उठली नाहीं. ती ढिली झाली १९७१ सालीं, आणि तीही अंशतः. स्वतंत्र वादनास तर त्यानंतरही पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली.

या तीस-एकतीस वर्षांत काय घडलें तें नजरेसमोर आणावें. पु. ल. देशपांडे यांची पेटी मैफलींत रसिक आवडीनें ऐकत. परंतु ज्या आकाशवाणीच्या सेवेंत ते कांहीं काळ होते, तेथें त्याच पेटीस मज्जाव होता. परभणीस आकाशवाणीचें केंद्र निघालें १९६८ सालीं. ज्या जिल्ह्यांत देवळोदेवळीं पेटीवर भजन चालतें, तेथील केंद्राचीं पहिलीं वर्षें या बंदीच्या छायेंत गेलीं. गांवांतील वादकास घरच्या रेडिओवरून सतार, सारंगी, व्हायोलिन सर्व ऐकूं येई. आपलें स्वतःचें वाद्य तेवढें ऐकूं येत नसे. कागद नाहीं, शाळा नाहीं, आणि आतां मोठ्या वादकाचें वादन ऐकण्याची सोयही नाहीं, अशी कानावर शिकणाऱ्याची ही कोंडी होती. जो केवळ ऐकून शिकतो, त्याचें ऐकणें तोडणें म्हणजे त्याची शाळा बंद करणें होय. बंदीची ही बाजू विद्वानांच्या वादांत फारशी आली नाहीं.

मग आरोप खोटा होता काय? तो खोटा नव्हता, अपुरा होता. सूर पट्टींत असतो असें धरलें तर पेटी दोषी ठरते. परंतु उत्तम साथीदार पेटीचे दोष जाणून वाजवितो. गायक गांधारावर विसावला कीं तो आपला गांधार दाबून धरीत नाहीं. हलकेच स्पर्श करून षड्जाकडे वा पंचमाकडे सरतो, आणि गळ्याचा गांधार मोकळा ठेवतो. मींड निघत नाहीं, तेथें मधल्या पट्ट्यांना ओझरता कण देऊन आणि भात्याचा दाब कमी-अधिक करून तिचा आभास उत्पन्न करतो. कांहीं कारागीर पितळी जिभा घासून एका विशिष्ट पट्टीपुरते सूर नैसर्गिक स्थानीं आणून देतात. अर्थात् मग पेटी त्याच पट्टीच्या गायकास उपयोगी. या सर्व युक्त्या कानानें शिकलेल्यांनीं कानासाठीं शोधलेल्या आहेत. ज्यानें केवळ ‘अमुक चिन्हास अमुक पट्टी’ असें शिकलें, त्यास पट्टीचा सूर खोटा असूं शकतो ही शंकाच येणार नाहीं.

येथें तराजूचें दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. पोथीचा उपयोग मुळींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, भातखंडे यांनीं गांवोगांव हिंडून शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरविल्या. हें झालें नसतें तर कित्येक चिजा त्यांच्या धन्याबरोबर चितेवर गेल्या असत्या. कान ठेवणारा मेला कीं त्याचा ठेवाही जातो. कागद मात्र उरतो. आणि मेळाच्या संगीतास तर कागद हवाच. आपल्या शेजारीं गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांस लहानपणापासून पाश्चात्य स्वरलेखन वाचावयास शिकवीत. तेथून मुंबईस आलेल्या वादकांनीं बोलपटांचे वाद्यवृंद उभे केले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस, तसेच सेबास्टियन डिसोझा, यांसारख्या जाणकारांनीं वाद्यमेळाची रचना कागदावर केली. पुष्कळदां संगीतदिग्दर्शक पेटीवर बोटें फिरवीत चाल शोधी, आणि गोमंतकीय संयोजक ती ऐकून डझनभर व्हायोलिनांसाठीं लिहून काढी. आपल्या चित्रपटसंगीताचें वैभव या दोघांच्या मिलाफांतून उभें राहिलें आहे. तेव्हां कान आणि कागद यांचें वैर नाहीं. विचार करावयाचा तो क्रमाचा.

हा क्रमाचा प्रश्न आज आपल्या घरांत येऊन ठेपला आहे. विजेवर चालणारे कीबोर्ड आतां सहज मिळतात. पालक हौसेनें ते आणतात, शिकवणी लावतात, परीक्षांचे फॉर्म भरतात. मुलाच्या हातीं प्रथम काय पडतें? बहुधा पुस्तक. अमुक खूण म्हणजे अमुक पट्टी, आणि अमुक बोट. सहा महिन्यांनीं मूल पांच गीतें अचूक वाजवितें. परंतु आजी देवापुढें म्हणते ती आरती वाजव म्हटलें तर तें गोंधळतें, कारण ती पुस्तकांत नसते. उलट भजनी मंडळांतील पोरास पुस्तकांतील एकही खूण वाचतां येत नाहीं. पण आजीनें ओळ उचलली कीं तिच्या पट्टींत तो तिसऱ्या फेरीस बरोबर येतो. दोघांनींही परिश्रम केलेलेच असतात. फरक एवढाच, कीं पहिल्याच्या परिश्रमांत त्याच्या कानास काम मिळालें नाहीं.

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें थोडकेंच आहे, आणि त्यास खर्चही नाहीं. पुस्तक उघडण्यापूर्वीं कांहीं महिने मुलास घरांतील गाण्यामागें वाजवूं द्यावें. प्रथम केवळ षड्ज शोधावा. मग रोजच्या परिचयाची एक ओळ. ती साधल्यावर तीच ओळ दुसऱ्या पट्टीवरून काढावयास सांगावी. मग गाणाऱ्यानें मध्येंच थांबावें आणि ती रिकामी जागा मुलानें आपल्या मनानें भरावी. भरलेलें वेडेंवांकडें असेल, हंसूं नये. यानंतर स्वरलिपि शिकविली तर ती त्यास जड वाटणार नाहीं, कारण जें आपण ऐकलें तेंच येथें लिहिलेलें आहे हें त्यास कळलेलें असेल. अक्षरओळख होण्यापूर्वीं मूल बोलावयास शिकतें, आणि त्यांत आपणांस कांहीं विपरीत वाटत नाहीं. संगीतांतही तसें वाटण्याचें कारण नाहीं.

परभणीच्या देवळांतील तो पेटीवाला स्वतःस अशिक्षित समजत असण्याचा संभव आहे. त्यास कोणी परीक्षेचा दाखला दिलेला नाहीं, आणि एक पिढीभर रेडिओनेंही त्याच्या वाद्यास दार उघडलें नाहीं. परंतु दुसऱ्याच्या गळ्यांतून पुढें काय येणार याकडे क्षणोक्षणीं कान लावून बसणें, आणि तें येतांच आपला सूर त्याच्या सुरांत मिळविणें, ही विद्या त्यास अवगत आहे. युरोपाच्या पट्ट्यांवर, युरोपाची पोथी न घेतां, ती त्यानें मिळविली. आतां एखाद्या एकादशीस त्याचें वादन कानीं पडलें, तर बोटांकडे पाहण्याऐवजीं तो गाणाऱ्याकडे कसा पाहतो, तेवढें श्रोत्यांनीं अवश्य पाहावें.